प्रसन्नच्या नावाची बाटली

उन्मेषने हे जवळजवळ लिहिलंच नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये बसायचं, फोनवर दोन ओळी टाइप करायच्या, मानेसर यायच्या आत पुसून टाकायच्या, असं चार-पाच दिवस चाललं. कारण गोष्ट कुठूनही सुरू केली तरी पहिल्या दहा ओळींत कबूल करावंच लागत होतं, की प्रसन्नच्या नावाच्या बाटलीत लघवी त्याची, म्हणजे उन्मेषची होती.

तर ते कबूल करून झालं. आता पुढचं.

दोघं पुण्याचे. एकाच कॉलेजचे, एकाच वर्षाचे, आणि तीन वर्षांपासून मानेसरच्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात. प्रसन्न प्रॉडक्शनला, उन्मेष क्वालिटीला. गुरुग्राममध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट दोघांत. प्रसन्न दिसायला असा, की कंपनीच्या कॅलेंडरवर फोटो छापावा. रोज जिम, दंड असे की शर्टाच्या बाह्या तक्रार करतील. उन्मेष त्याच्या शेजारी उभा राहिला की लोकांना वाटायचं, याला कोणीतरी जेवायला घाला. म्हणून तर त्याच्या आईने पुण्याहून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचा डबाच पाठवला होता. रोज एक, नाश्त्यानंतर.

जपानच्या ट्रेनिंगची यादी लागली, तेव्हा पाच नावांत प्रसन्नचं नाव तिसरं होतं, आणि जागा तीनच होत्या. सहा महिने. उन्मेषचं नाव नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला एक दिवस वाईट वाटलं, मग त्यानेच छोले-भटुरे खाऊ घातले.

जायच्या आधी मेडिकल. बीपी, रक्त, युरिन. फॉर्मवर डॉक्टरांची सही हवी.

बुधवारी संध्याकाळी प्रसन्न किचनच्या ओट्याला टेकून म्हणाला, "एक काम करशील? उद्या माझ्या नावाची बाटली तू भर."

"काय?"

"युरिनची. तुझी वार्षिक तपासणी पण उद्याच आहे ना. एक तुझी, एक माझी. दोन मिनिटांचं काम आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का? का पण?"

प्रसन्नने खांदे उडवले. "फेस येतो यार. दोन महिने झाले. नेटवर पाहिलं, ते प्रोटीन शेकमुळे असणार. पण यांना कळलं तर दहा टेस्ट लावतील, आणि तोपर्यंत जागा चौथ्या नंबरवाल्याला. परत आलो की दाखवतो मी नीट. शप्पथ."

उन्मेषला माहीत होतं की प्रसन्नचं डोकं रोज सकाळी दुखतं. कंबर आणि डोकं, दोन्हींसाठी तो दिवसाला दोन पेनकिलर खातो, कधी तीन. जिमच्या आधी कसलीशी लाल पावडर, शिफ्टमध्ये एनर्जी ड्रिंकचे दोन कॅन. हे सगळं माहीत होतं, पण सत्तावीस वर्षांच्या माणसाला, तेही असले दंड असलेल्या माणसाला, काय होणार? आणि तीन वर्षांच्या रूममेटला एका बाटलीसाठी नाही कसं म्हणायचं?

त्याने हो म्हटलं. त्या वेळी ते फार मोठं काही वाटलंही नाही.

कारखान्याचा दवाखाना म्हणजे गेटजवळच्या दोन खोल्या. डॉक्टर फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तासभर यायचे. बाकी सगळं नीरजा सिस्टरच्या हातात. पंचेचाळिशीच्या, चष्मा साखळीला लटकवलेला, आवाज असा की वेल्डिंग शॉपमध्येही ऐकू यावा. वडील केंद्र सरकारात होते, त्यामुळे बालपण दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. मराठी बोलायच्या, पण मध्येच एखादा शब्द अडायचा आणि हिंदी दत्त म्हणून उभी राहायची.

त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यावर पोरं वैतागायची. बीपीचं पहिलं रीडिंग त्या लिहायच्याच नाहीत. खुर्चीत टेकून बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर, फोन ट्रेमध्ये, तोंड बंद. पाच मिनिटं. मग परत मोजायचं. बाहेर वीस जणांची रांग असली तरी पाच म्हणजे पाच.

गुरुवारी प्रसन्न त्या खुर्चीत बसला. पहिलं रीडिंग एकशे चौसष्ट, खाली एकशे सहा. पाच मिनिटांनी एकशे साठ, खाली एकशे चार.

"सिस्टर, तुम्हाला बघूनच वाढतं," प्रसन्न हसून म्हणाला. "डॉक्टरांचा पांढरा कोट पाहिला की लोकांचं बीपी वाढतं म्हणतात ना, तसं."

"मी निळा स्वेटर घातलाय," सिस्टर म्हणाल्या. "डोकं दुखतं?"

"नाही."

"पाय दाखव. नाही नाही, मोजा खाली कर. हे बघ, केवढा वळ पडलाय. तुझे हे टखने सुजतात का? काय म्हणतात ह्यांना मराठीत?"

"घोटे," रांगेतून उन्मेष म्हणाला.

"हां, घोटे. सुजतात?"

"उभं राहून काम असतं सिस्टर. सगळ्यांचेच सुजतात."

सिस्टर टेबलाकडे वळल्या. फॉर्मवर आकडे लिहिले, टेबलावरची बाटली उचलली, त्यात पट्टी बुडवली, घड्याळ पाहिलं, पट्टी पाहिली. मग बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि जरा जास्तच वेळ धरली. पुढची बाटली उन्मेषची होती. तीही धरली. "जा दोघं," म्हणाल्या. "प्रसन्न, उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी परत ये बीपीला."

शुक्रवारी प्रसन्न गेला नाही. लाइनवर गडबड आहे म्हणाला.

दुपारी सिस्टरने उन्मेषला बोलावलं. त्याला वाटलं, त्याच्याच रक्तात काहीतरी निघालं. तो खुर्चीत बसला, पाय आपोआप जमिनीवर टेकवले, फोन ट्रेमध्ये ठेवला.

"बीपी नाही घ्यायचं," सिस्टर म्हणाल्या. "तू बी-कॉम्प्लेक्स खातोस?"

"हो. आईने पाठवलंय."

"प्रसन्न खातो?"

उन्मेष ट्रेमधल्या फोनकडे बघू लागला.

"बी-कॉम्प्लेक्सने लघवी कशी पिवळीधमक होते माहितीये ना? हायलायटर पेनासारखी. काल बावीस बाटल्या आल्या. वीस आपापल्या रंगाच्या, आणि दोन जुळ्या बहिणी. एक तुझी, एक त्याची." त्यांचा आवाज चढला नाही. "मी तुला विचारत नाहीये. मी तुला सांगतेय की मला कळलंय."

उन्मेषच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाहेर फोर्कलिफ्ट रिव्हर्स घेताना पीं पीं करत होती, ती थांबली. मग त्याने सगळं सांगितलं. फेस, डोकेदुखी, गोळ्या, लाल पावडर, जपान.

सिस्टर ऐकत होत्या. मध्ये एकदाच बोलल्या, "रोज दोन गोळ्या? किती महिने?"

"सहा तरी."

"हे बघ. मी काल डॉक्टरांना फोन केला की मुलाचं बीपी इतकं इतकं आहे. ते म्हणाले, युरिन कशी आहे? मी म्हटलं, पट्टी साफ आहे पण मला रंगाचा शक आहे. आज सकाळी त्यांनी तासभर त्याची वाट पाहिली. आला नाही. आता ते मंगळवारी येणार. म्हणजे तुझ्या एका बाटलीने त्याचे किती दिवस गेले, मोज."

"पण शेकमुळे फेस येतो ना सिस्टर? तो म्हणत होता…"

"शेक पिऊन असा रोज फेस येत नाही रे बाबा. किडनीची चाळणी गळायला लागली की येतो, आणि मग तो बसत नाही. बीपी, सूज, फेस, हे तिन्ही एकत्र एवढ्या पोराला, तर मला किडनीचाच शक येतो. शक म्हणतेय हं, खात्री नाही. खात्री तपासल्यावर. आणि वरून तो पेनकिलर खातोय, ती किडनीलाच मारते." त्यांनी चष्मा काढला. "माझ्याकडे महिन्याला तीन-चार पोरं येतात अशी. पंचवीस, अठ्ठावीस. बाहेरून एकदम हिरो. कोणाची शुगर, कोणाचं बीपी. बॉडी बघून कोणी तपासत नाही ह्यांना."

"त्याची नोकरी जाईल का?"

"बीपीने नोकरी जात नाही. तू क्वालिटीला आहेस ना? एका पार्टचं रीडिंग दुसऱ्या पार्टच्या नावावर टाकलं, तर तुमच्यात काय करतात?"

"लाइन थांबवतात."

"मग थांबव."

त्या पुढे म्हणाल्या की कालचा रिपोर्ट त्यांनी रद्द केलाय, फॉर्मवर 'सॅम्पल पुन्हा' असं लिहिलंय, आणि डॉक्टरांना त्या खरं तेच सांगणार. "ते माझं काम. पण त्याला धरून ह्या खुर्चीत बसवणं माझ्या हातात नाही. मी ओरडले तर तो बाहेरच्या लॅबमध्ये जाईल. आणि बाटली घेऊन कोणाकडे येईल?"



संध्याकाळी बसमध्ये त्याने सांगितलं. मराठीत, हळू आवाजात, म्हणजे कोणाला कळणार नाही. पण 'किडनी', 'युरिन', 'बीपी' हे शब्द काय मराठी आहेत? पुढच्या सीटवरचा पेंट शॉपवाला मागे वळून म्हणाला, "भाई, सब ठीक?"

"सब ठीक," प्रसन्न म्हणाला. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता. "तू सांगून आलास तिला?"

"तिला आधीच कळलं होतं. रंगावरून."

"मग नाही म्हणायचं ना! काय पुरावा आहे तिच्याकडे? पिवळा रंग?"

"प्रसन्न, ऐक तर…"

"मला नाही ऐकायचं." गुरुग्रामचा राजीव चौक यायच्या आधीच तो ड्रायव्हरला हाक मारून उतरला. उन्मेष घरी पोचला तेव्हा तो ऑटोने आधीच येऊन त्याच्या खोलीत होता आणि दार बंद होतं.

शनिवारी सकाळी उन्मेषने चहा टाकला. प्रसन्न बाहेर आला. डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या, जशा रडल्यावर होतात तशा, पण तो रडला नव्हता. उन्मेषला आठवलं की हल्ली रोज सकाळी त्या तशाच असतात. आपण बघत होतो आणि बघत नव्हतो.

प्रसन्नने खिशातून नवीन बाटली काढून ओट्यावर ठेवली. पांढऱ्या झाकणाची, केमिस्टकडची.

"आपल्या सेक्टरच्या लॅबमध्ये देतो. त्यांचा रिपोर्ट चालतो. तू आज ती गोळी खाऊ नकोस फक्त."

सिस्टर म्हणाल्या तसंच, अगदी तसंच. उन्मेषने चहा गाळला. दोन कप. एक कप ओसंडला.

"नाही," तो म्हणाला.

"शेवटचं मागतोय यार."

"नाही."

"अच्छा." प्रसन्न हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "म्हणजे मी जाऊ नये असं वाटतंय तुला. यादीत तुझं नाव नव्हतं ना, तेव्हापासून बघतोय मी. भटुरे खाऊ घालून मोठा दिलदार."

हे लागलं. खूप लागलं, कारण त्यात एका दिवसापुरतं खरं होतं. उन्मेषने फडक्याने सांडलेला चहा पुसला. तेच ओलं फडकं परत पिळलं. मग बाटली उचलली आणि प्रसन्नच्या हातात दिली.

"तू भर. तुझी तू. इथे आणून ओट्यावर ठेव. पाच मिनिटं बघू. फेस बसला तर मी स्वतः सेक्टरच्या लॅबमध्ये नेऊन देतो, आणि सिस्टरला सांगतो की मीच खोटं बोललो."

"काय नाटक आहे हे?"

"भर ना. घाबरतोस का?"

प्रसन्नला कोणी 'घाबरतोस का' म्हटलेलं चालत नाही. तो बाथरूममध्ये गेला. बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा बाटली त्याने बोटांच्या टोकांत धरली होती. ओट्यावर ठेवली. चहाच्या दोन कपांच्या मध्ये, ज्याची दोघांनाही पुढे कितीतरी दिवस आठवण येऊन कसंतरी होत होतं.

वर फेस होता. पांढरा, बारीक, साबणाच्या पाण्यावर असतो तसा.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दोघं उभे राहिले. खालून भाजीवाल्याचा भोंगा गेला. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. सव्वाआठला फेस तसाच होता. कडेला जरासा विरळ झालेला, बाकी तसाच.

"शेक मी परवापासून घेतलेला नाही," प्रसन्न म्हणाला.

उन्मेषने बाटलीला झाकण लावलं.

"म्हटलं तपासणी आहे, तर दोन दिवस बंद ठेवू." त्याने स्टूल ओढून घेतलं आणि बसला. एवढा मोठा माणूस, स्टूल कुरकुरलं. "उन्म्या, मला भीती वाटतेय रे."

"चल."

"बस गेली."

"ऑटोने जाऊ."

शेअर ऑटोत सात माणसं. प्रसन्नने बाटली टिफिनच्या पिशवीत घालून मांडीवर धरली होती. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "क्या लाए हो बेटा, घर का खाना?" त्यावर दोघांनाही इतकं हसू फुटलं की आजोबा रागावले.

सिस्टरने काही विचारलं नाही. ना 'आलास का', ना 'आता कळलं का'. बाटलीवर प्रसन्नकडूनच नाव लिहून घेतलं, समोर. पट्टी बुडवली. पट्टीवरचा प्रोटीनचा पिवळा चौकोन बघता बघता हिरवा झाला, आणि हिरव्याचा गडद हिरवा.

"बस," त्या म्हणाल्या. "पाय खाली. पाच मिनिटं."

त्या पाच मिनिटांत त्या मात्र बोलत होत्या, फोनवर. आधी डॉक्टरांशी. मग गुरुग्रामच्या एका हॉस्पिटलात, जिथे त्यांची जुनी मैत्रीण तेजश्री किडनीच्या वॉर्डची हेड नर्स होती. "आजचीच वेळ दे. सोमवार नको. सत्तावीस वर्षांचा आहे, प्रोटीन तीन प्लस, बीपी वाढलेलं. हो, पेनकिलर. हो ना, सगळे तेच करतात." फोन ठेवून म्हणाल्या, "गोळ्या कुठायत?"

प्रसन्नने बॅगेतून पाकीट काढून दिलं. मग, न विचारता, लाल पावडरचा डबाही.

"हा बघ किती शहाणा मुलगा आहे," सिस्टर म्हणाल्या. "आधी विनाकारण बदनाम करत होतो आपण ह्याला."

त्यावर प्रसन्नला जरा हसू आलं.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. रक्ताची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. मंगळवारी उन्मेष स्वतः कारखान्याच्या डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिला आणि बाटलीचं सांगितलं. डॉक्टरांनी दहा मिनिटं झापलं, एचआरने दोघांनाही लेखी ताकीद दिली. जपानच्या यादीत चौथ्या नंबरचं नाव वर सरकलं. आता दवाखान्यात बाटली एकेकालाच मिळते, नाव सिस्टरसमोर लिहायचं, आणि रांगेतली पोरं म्हणतात कोणत्या महाभागामुळे हे सुरू झालं. उन्मेष मान खाली घालून रांगेत उभा असतो.

गुरुवारी प्रसन्नला दोन दिवसांसाठी दाखल केलं. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायचा होता. उन्मेष दुपारी भेटायला गेला तेव्हा तो उताणा पडला होता, हलायचं नाही अशी सक्त ताकीद. तेजश्री सिस्टर येऊन बीपी बघून गेल्या. एकशे चौतीस, शहाऐंशी. गोळ्या लागू पडत होत्या.

"काय म्हणाले डॉक्टर?" उन्मेषने विचारलं.

"चाळणीला सूज दिसतेय, नक्की त्या तुकड्याचा रिपोर्ट आल्यावर. जे नुकसान झालंय, ते भरून येणार नाही. पण बाकीची किडनी वाचवता येईल म्हणाले, गोळ्या नीट खाल्ल्या तर. पेनकिलर आयुष्यभर बंद. मीठ कमी. जिमचं नंतर बघू." तो छताकडे बघत होता. "म्हणाले, अजून वर्षभर असाच फिरला असतास तर वेगळं बोलणं झालं असतं."

 पलीकडच्या कॉटवर कोणीतरी संत्रं सोलत होतं, त्याचा वास येत होता.

"जपान गेलं," प्रसन्न म्हणाला.

"हो."

"त्या दिवशी ते भटुऱ्याचं बोललो…"

"खरं होतं थोडं. एक दिवस जळलो होतो मी."

"एकच दिवस?"

"दीड."

प्रसन्न हसायला गेला आणि कंबरेला हात लावून थांबला. "हसवू नको, टाका बिका सुटेल."

"टाका नाहीये. सुई घातली फक्त. तेजश्री सिस्टर म्हणाल्या."

"तू आता सगळ्या सिस्टरांशी बोलतोस वाटतं."

मग त्याने उशीखालून फोन काढला. स्क्रीनवर 'आई' होतं, सात मिस्ड कॉल. त्याची आई, शुभदाकाकू, पुण्यात शाळेत शिकवतात. त्यांना अजून एवढंच माहीत होतं की जपानची तारीख पुढे गेलीये.

"सांगायला पाहिजे," प्रसन्न म्हणाला. "पण ती एकटी आहे रे. मी म्हणतो, बीपी थोडं वाढलंय एवढंच सांगू. एकशे चाळीस वगैरे. किडनीचं नंतर, रिपोर्ट आल्यावर. तू शेजारीच आहेस, ती तुलाही विचारेल. तू फक्त हो हो म्हण."

उन्मेषने त्याच्या हातातला फोन घेतला, स्पीकर चालू केला आणि दोघांच्या मध्ये गादीवर ठेवला.

"मी इथेच बसतो," तो म्हणाला. "काकू रडल्या तर मी बोलेन. त्यांना तिकीट काढून देईन, स्टेशनवर आणायला जाईन. पण तू एकशे साठच्या जागी एकशे चाळीस म्हणालास, तर मी मध्ये बोलणार."

"म्हणजे तू माझ्यासाठी एवढंही करणार नाहीस?"

"नाही करणार. आजपासून तू कितीही मागितलंस तरी तुझ्या नावावर माझं काहीही देणार नाही. प्रॉमिस."